कोऱ्या खोक्यातले नऊ वर्षांचे बूट

काल रात्री नेरुळहून नणंदेचा फोन आला. वाशीच्या एका हॉलमध्ये तीन दिवसांचा 'एक्स्पोर्ट सरप्लस' सेल लागलाय, ट्रेकिंगचे बूट तेराशेला जोडी, पेपरातून कागद आलाय. तिने तो कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मजकूर तोच, अक्षरांचा रंगही तोच, फक्त हॉलचं नाव बदललेलं. जुलैमध्ये ठाण्यात मी याच कागदावर विश्वास ठेवला होता. म्हणून जे झालं ते सगळं लिहिते आहे. थोडं लांबेल, पण दिवाळीच्या सुट्टीत डोंगराकडे जाणार असाल तर बूट घेण्याआधी वाचा.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. नवरात्राच्या आधी दोन दिवस भंडारदऱ्याला जायचं ठरलं होतं. मुक्काम शेंडी गावात एका घरी, एक दिवस धरणाच्या आजूबाजूला आणि दुसऱ्या दिवशी रतनवाडीहून रतनगड. सोनकी फुललेली असते त्या दिवसांत, आणि आमचा मुलगा नववीत आहे, पुढच्या वर्षी दहावी म्हणजे कुठे निघणं होणार नाही. जवळच्या येऊरच्या डोंगरावर रविवारी फिरायला जातो तेवढीच आमची सवय. तिथे साधे स्पोर्ट्स शूज चालतात. पण पावसाळ्यानंतरचा शेवाळलेला कातळ आणि ओढ्यातले दगड यांच्यासाठी बरे बूट हवेत, एवढं कळत होतं.

दुकानात चौकशी केली तर नावाजलेल्या कंपन्यांचे बूट चार-साडेचार हजारांच्या खाली नव्हते. वर्षातून दोनदा वापरायच्या वस्तूवर दोघांचे मिळून नऊ हजार घालणं आम्हाला परवडणारं नव्हतं. स्वस्त काहीतरी शोधायचं ठरवलं, यात मला आजही काही चूक वाटत नाही.

जुलैतल्या त्या सेलचा हॉल ठाणे स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. आत टेबलांच्या रांगा, खोक्यांच्या थप्प्या, पावसामुळे दारात चिखल आणि तरीही मुंगीला वाव नाही एवढी गर्दी. राखाडी रंगाचे, घोट्यापर्यंत येणारे बूट मी हातात घेतले. वजनाला हलके, आतून मऊ, आणि वरून एक डागसुद्धा नाही. खोक्यावर कमाल किंमत 4,999, उत्पादनाचा महिना जून 2025. विकणारा म्हणाला, "दीदी, परदेशी ऑर्डर कॅन्सल झाली, म्हणून हा माल इथे. नवा कोरा आहे." मी वास घेतला, नव्या बुटाला येतो तसाच वास. पायात घालून चार पावलं चालले, छान वाटलं. माझी आणि ह्यांची अशा दोन जोड्या घेतल्या, 2,600 रुपये. पैसे क्यूआर कोड स्कॅन करून दिले. स्क्रीनवर दुकानाचं नाही, कुणा माणसाचं नाव आलं, ते मी वाचलं आणि सोडून दिलं. बिल मागितलं तर म्हणाला, "सेलमध्ये बिल नसतं." भिंतीवर पाटीही होती, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. मागे रांग वाढत होती. मी निघाले.

मुलाला मात्र त्या सेलमध्ये त्याच्या मापाचे बूट मिळाले नाहीत. त्याला आम्ही गावदेवीजवळच्या एका साध्या दुकानातून अ‍ॅक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे बूट घेतले, डोंगरात फिरणारी मुलं वर्षानुवर्षं वापरतात ते. दिसायला आमच्या बुटांपुढे अगदी गरीब. मला तर वाईटच वाटलं होतं त्याच्यासाठी.

घरी आल्यावर आम्ही बूट खोक्यात ठेवून दिले. नवे आहेत, खराब कशाला करायचे, हा विचार. निघण्याआधी दोनदा घरातल्या घरात फरशीवर घालून बघितले, बस.

शेंडीत पहिला दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी रतनवाडीत अमृतेश्वराचं दर्शन घेऊन गावातल्या एका दादांना वाटाड्या म्हणून बरोबर घेतलं. सुरुवातीला ओढा ओलांडावा लागतो, मग रान लागतं. तासाभराने मागून मुलगा म्हणाला, "आई, तुझ्या बुटातून काहीतरी पडतंय." वळून पाहिलं तर वाटेवर माझ्या पावलांबरोबर काळपट चुरा सांडलेला, शिळा केक कुस्करल्यासारखा. मला वाटलं चिखल असेल. दहा-पंधरा पावलांवर डाव्या पायाची टाच एकदम खाली गेली, सोल मागच्या बाजूने सुटून लोंबायला लागला आणि ओल्या दगडावर माझा घोटा मुरगळला. दादांनी त्यांच्याकडची सुतळी बुटाभोवती गुंडाळून बांधली. परत फिरायचं ठरवलं तेवढ्यात ह्यांच्या उजव्या बुटातूनही तसाच चुरा पडायला लागला.

रतनगडावर जायला लोखंडी शिड्या आहेत. हे शिड्यांच्या आधी झालं. तो विचार आला की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो. शिडीच्या दांडीवर पाऊल ठेवलेलं असताना सोल सुटला असता तर? खाली माझा मुलगा असता.

उतरायला आम्हाला दुप्पट वेळ लागला. मुलाचे ते गरीब दिसणारे बूट शेवटपर्यंत ठीक होते. घोट्याला सूज, तीन आठवडे क्रेप बँडेज आणि ऑफिसला रिक्षाने. पैशांचा हिशेब केला तर बूट 2,600 आणि डॉक्टर, एक्स-रे, रिक्षा हे सगळं त्याहून जास्त.

आल्यावर स्टेशनजवळ बसणाऱ्या चप्पल दुरुस्तीच्या काकांकडे ते बूट घेऊन गेले. वाटलं होतं, चिकटवून तरी मिळतील. काकांनी आरीचं टोक सोलच्या मधल्या थरात टेकवलं, जोर न लावता ते आत गेलं. म्हणाले, "ताई, हे चिकटवून काय करू? सोल्युशनला धरायला खाली काहीतरी पाहिजे ना. हा थर आतून मेलाय. पीयूचा सोल आहे, किती वर्षं पडून होता कोण जाणे." मी सांगितलं की जूनमध्ये बनलेत. ते काही बोलले नाहीत, खोकं असेल तर नीट बघा एवढंच म्हणाले.

घरी येऊन खोकं काढलं. किंमत आणि महिना छापलेलं लेबल बोटाने चाचपलं तर जाड लागलं. मुलाने हेअर ड्रायरची गरम हवा मारली आणि कोपरा हळूच सोलला. खाली जुनं लेबल होतं. उत्पादनाचा महिना ऑगस्ट 2016. दुसऱ्या खोक्यावरही तेच. बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला शिवलेली एवढीशी पट्टी असते, तिच्यावरही 2016 होतं. ती पट्टी कापायची त्यांना गरज वाटली नव्हती, कारण तिथे कोण बघतं.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. हलकं असतं, पायाला मऊ लागतं, म्हणून चांगल्या महागड्या बुटांतही वापरतात, त्या पदार्थात खोट नाही. पण हवेतला ओलावा त्याच्या आत शिरून त्याची रासायनिक बांधणी हळूहळू तोडत जातो. याला जलविघटन म्हणतात. उष्णता आणि दमटपणा जितका जास्त, तितकं ते लवकर होतं, आणि आपल्याकडच्या खाडीकाठच्या हवेबद्दल वेगळं सांगायला नको. बूट वापरला काय, न वापरता खोक्यात ठेवला काय, वय होतच राहतं. वरचं कापड आणि कातडं मात्र तसंच कोरं दिसतं, म्हणूनच हा माल नवा म्हणून खपवता येतो. ईव्हीए या दुसऱ्या फोमसारख्या पदार्थाच्या सोलचा असा भुगा होत नाही, तो वापराने दबत जातो. सबंध रबराचा सोल जड असतो, पण बराच टिकतो.

मग मी मागे लागले. हॉलच्या ऑफिसमध्ये गेले, त्यांनी सांगितलं की आम्ही फक्त जागा भाड्याने देतो, भाडेकरूची माहिती देता येत नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विक्रेत्याचं नाव-पत्ता विचारला. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, तक्रार आपण राहतो तिथल्या आयोगात करता येते, हे सगळं मला तेव्हा कळलं. पण तक्रार कुणाविरुद्ध लिहू? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरलेली आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरले जातात. म्हणजे भिंतीवरच्या त्या पाटीला घाबरायचं काही कारण नव्हतं. त्या दिवशी रांगेत उभी असताना मला एवढं माहीत असतं तर बिलाशिवाय मी जागची हलले नसते.

लेबलावर लेबल चिकटवण्याचंही तसंच. पाकीटबंद मालाच्या 2011 च्या नियमांप्रमाणे छापील माहिती बदलण्यासाठी वर स्टिकर लावता येत नाही. किंमत कमी करायची असेल तर कमी किमतीचं स्टिकर चालतं, पण मूळ किंमत त्याने झाकता कामा नये. दोन्ही खोकी आणि सोललेल्या लेबलांचे फोटो जोडून मी वैध मापन शास्त्र विभागाकडे, म्हणजे वजन-मापं आणि पाकिटांवरची छापील माहिती तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, अर्ज दिला आहे. पोलीस ठाण्यातही एक प्रत दिली. अजून कुठूनच काही कळलेलं नाही.

आता जे बूट घ्यायचे ते मी कसे घेणार आहे ते सांगते, कारण स्वस्तच घ्यायचे आहेत. सोलच्या बाजूला, मधल्या थरावर अंगठ्याचं नख दाबून बघायचं. खळगा लगेच भरून आला तर ठीक. खळगा तसाच राहिला, चिकट लागलं, पूड निघाली किंवा केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर बूट खाली ठेवायचा. मग चवडा जमिनीवर टेकवून बूट पंधरा-वीस वेळा चांगला वाकवायचा, दुकानदार काही म्हणाला तरी. जिभेखालची पट्टी वाचायची आणि खोक्यावरच्या महिन्याशी ताडून बघायची. काही सोलच्या तळाला घड्याळासारखं एक छोटं वर्तुळ ओतलेलं असतं, मध्ये वर्षाचे आकडे आणि महिन्याकडे रोखलेला बाण. ते असेल तर सगळ्यात उत्तम, कारण त्यावर स्टिकर लावत नाहीत.

पायात घालून बघायचं ते संध्याकाळी, जाड मोजे घालून. दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात, डोंगरातही तसेच असणार. दुकानाला जिना असेल तर उतरून बघायचं. उतरताना अंगठा पुढे टेकला तर माप लहान आहे, उतारावर नखं काळी पडतील. तळ कडक, चकचकीत प्लॅस्टिकसारखा असेल तर ओल्या कातळावर तो घसरणारच, मऊसर रबर आणि खोल दातरे हवेत. वॉटरप्रूफ या शब्दासाठी जादा पैसे मी देणार नाही. सह्याद्रीच्या पावसात पाणी वरून, घोट्यातून आत जातं, आणि मग अशा बुटातून ते बाहेरही निघत नाही. आणि घेतल्यावर निदान दोन आठवडे रोज घालून फिरायचं, येऊरच्या चढावर, तलावपाळीला, कुठेही. आम्ही ते केलं असतं तर भुगा वर्तकनगरच्या रस्त्यावर पडला असता.

काल हे सगळं मी नणंदेला फोनवर सांगितलं होतं. आज ऑफिसमधून परतताना ती वाशीच्या त्या हॉलमध्ये जाऊन आली. राखाडी बूट तेच होते, खोक्यांवर जाड लेबलं होती. तिने नख दाबलं, खळगा तसाच राहिला. बिल मागितलं, मिळणार नाही म्हणाले. तिच्या शेजारी एक आई कॉलेजातल्या मुलीसाठी जोडी बघत होती, मुलीचा कॉलेजतर्फे कळसूबाईचा ट्रेक आहे म्हणे. नणंदेने त्यांनाही नख दाबून बघायला सांगितलं. मुलीने दाबलं, आईकडे बघितलं आणि बूट खोक्यात परत ठेवला. तेवढ्यात तिथल्या माणसाने नणंदेला बाहेर व्हायला सांगितलं. खोक्यांचे आणि क्यूआर कोडचे फोटो तिने तोवर काढले होते, ते मी उद्या अर्जाला जोडणार आहे.

सेल रविवारी रात्री नऊपर्यंत आहे, असं कागदावर छापलंय.