पत्नीला भेटायला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा: नागपुरातील एका सल्ला कार्यालयाचा अनुभव

माझी पत्नी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, हॅमिल्टन शहरात नोकरी करते आणि तेथील कायम रहिवासी आहे. मी नागपुरातच, मिहानमधल्या एका कंपनीच्या लेखा विभागात काम करतो. डिसेंबर २०२३ मध्ये आमचे लग्न झाले आणि जून २०२४ मध्ये तिने मला तेथील कायम वास्तव्यासाठी स्पॉन्सर करण्याचा अर्ज दाखल केला. १,२०५ कॅनेडियन डॉलर शुल्क भरले, बायोमेट्रिकसाठी विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जाऊन आलो, वैद्यकीय तपासणी झाली, आणि त्यानंतर पोर्टल उघडून तीच ओळ पुन्हा वाचणे एवढेच काम उरले. दिवाळी आली आणि गेली. नातेवाइकांपैकी प्रत्येकाने "आता कधी?" असे विचारून झाले. अर्जाचा निकाल लागेपर्यंत निदान महिनाभर भेटून यावे, असे आम्ही दोघांनी ठरवले आणि व्हिजिटर व्हिसाच्या अर्जासाठी मी पश्चिम नागपुरातील एका सल्ला कार्यालयात गेलो. त्या कार्यालयाचे नाव मी येथे देणार नाही, कारण पुढे जे लिहिले आहे त्यात तक्रारीचा भाग मोठा आहे आणि माझा अनुभव एका फाइलपुरताच आहे. तरीही अशाच परिस्थितीत असलेल्या, विशेषतः पती किंवा पत्नी तिकडे आणि आपण इकडे अशा विदर्भातील मंडळींना तो उपयोगी पडेल, असे वाटते.

कार्यालय नीटनेटके आहे. दुसऱ्या मजल्यावर काचेचे दार, भिंतीवर मेपलच्या पानाचे चित्र, बसायला पुरेशा खुर्च्या आणि चहा विचारणारी माणसे. पहिल्या भेटीचे १,५०० रुपये घेतात आणि काम दिल्यास ते एकूण २२,००० रुपयांतून वजा करतात. पावती न मागता मिळते. कागदपत्रांची यादी छापील नसून समोर बसून, तुमच्या नोकरीप्रमाणे आणि घरच्या परिस्थितीप्रमाणे तयार केली जाते, ही गोष्ट मला मनापासून आवडली. रजा मंजुरीचे पत्र कसे असावे, त्यात कामावर परत रुजू होण्याची तारीख का हवी, पगारपत्रके आणि आयकर विवरणपत्रे कोणत्या क्रमाने लावावीत, पत्नीच्या वास्तव्याचा आणि नोकरीचा पुरावा कोणता मागवावा, हे सारे त्यांनी अचूक सांगितले. फाइल लावण्याच्या कामात या लोकांना मी पूर्ण गुण देतो.

अडचण अर्ज भरताना सुरू झाली. संगणकावर बसलेला तरुण मुलगा भराभर रकाने भरत होता आणि मी शेजारच्या खुर्चीवरून पडद्याकडे पाहत होतो. पार्श्वभूमीच्या भागात एक प्रश्न आहे: आपण यापूर्वी कॅनडात प्रवेश करण्यासाठी किंवा तेथे राहण्यासाठी कधी अर्ज केला आहे काय? त्याने न थांबता कर्सर 'नाही' या पर्यायावर नेला आणि क्लिक केले. माझा स्पॉन्सरशिपचा अर्ज चालू आहे, हे त्याच्यासमोरच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर लिहिलेले होते. मी तसे म्हटल्यावर तो मागे वळून अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "काय आहे ना सर, इथं 'हो' लिहिलं का ऑफिसरचं टाळकं फिरते. बायको तिकडंच आहे म्हटल्यावर हा माणूस वापस येईल कशाला, असं वाटते त्याइले. आपण तिचं नावच घ्यायचं नाही. टुरिस्ट म्हणून जा, नायगारा पाहा, वापस या."

हा सल्ला किती धोकादायक आहे, हे सांगण्यासाठी येथे थोडे थांबायला हवे. कॅनडाच्या स्थलांतर कायद्याच्या २२व्या कलमातील दुसरे उपकलम स्पष्ट सांगते की, एखाद्याला कायम रहिवासी व्हायचे आहे एवढ्या कारणावरून त्याला तात्पुरता प्रवेश नाकारता येत नाही. मात्र दिलेली मुदत संपेपर्यंत तो देश सोडेल याची अधिकाऱ्याला खात्री पटली पाहिजे. यालाच तेथे दुहेरी हेतू म्हणतात आणि तो लपवण्याची गोष्ट नाही. उलट खरी माहिती दडवली तर ४०व्या कलमाखाली ते चुकीचे निवेदन ठरते आणि त्याचा परिणाम पाच वर्षांची बंदी असा होऊ शकतो. म्हणजे महिनाभराच्या भेटीसाठी भरलेल्या एका अर्जातील एका क्लिकमुळे मूळ स्पॉन्सरशिपचा अर्जच धोक्यात आला असता. शिवाय दोन्ही अर्ज शेवटी एकाच विभागाकडे जाणार होते आणि दोन्हींवर माझेच नाव, माझाच पासपोर्ट क्रमांक असणार होता; लपवाछपवी करायचीच तर निदान ती जमण्यासारखी तरी हवी.

त्या मुलाला दोष देऊन काही उपयोग नव्हता. त्याला जसे शिकवले गेले होते तसे तो करत होता. मी त्या दिवशी सही न करता उठलो. रात्री पत्नीला फोन केला तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "त्यांच्याकडे परवाना आहे का?" खरे सांगायचे तर पैसे भरण्यापूर्वी हा प्रश्न मला सुचला नव्हता. कॅनडाच्या व्हिसासाठी पैसे घेऊन सल्ला देण्याचा किंवा अर्जदाराचे प्रतिनिधित्व करण्याचा अधिकार तेथील वकिलांना आणि परवानाधारक सल्लागारांना असतो. नोव्हेंबर २०२१ पासून या सल्लागारांचे नियमन तेथील 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स' ही संस्था करते आणि तिची सार्वजनिक यादी कोणालाही संगणकावर पाहता येते. दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात परवाना क्रमांक मागितला. आधी मला सांगण्यात आले की अर्ज माझ्याच लॉगिनमधून जाईल आणि कार्यालयाचे नाव "कुठेच येणार नाही", जणू काही ही मला दिलेली सवलतच होती. मी आग्रह सोडला नाही तेव्हा ओंटारिओतील त्यांच्या भागीदार सल्लागार बाईंचे नाव आणि क्रमांक देण्यात आला. यादीत तो सापडला आणि परवाना चालू होता. प्रतिनिधी नेमण्याचा आयएमएम ५४७६ हा फॉर्म भरून त्यांना रीतसर नेमण्यात आले. तात्पर्य इतकेच की या कार्यालयात परवानाधारक माणूस आहे, पण तो विचारल्याशिवाय समोर येत नाही.

त्या बाईंशी व्हिडिओ कॉलवर चाळीस मिनिटे बोलणे झाले आणि माझ्या २२,००० रुपयांचे जे काही मोल झाले ते त्या चाळीस मिनिटांत झाले. 'नाही'चे 'हो' झाले आणि खाली स्पॉन्सरशिप अर्जाचा क्रमांक व तारीख लिहिली गेली. सोबत जोडायच्या पत्राचा नागपुरात तयार झालेला मसुदा अडीच पानांचा होता आणि त्यात कॅनडाच्या निसर्गसौंदर्याचे वर्णन होते; बाईंनी तो एका पानावर आणला. माझी पत्नी कोठे राहते, आमचा अर्ज कधीपासून चालू आहे, मला किती दिवसांची रजा मंजूर आहे, मी कोणत्या तारखेला कामावर परत रुजू होणार आहे, अर्जाचा निकाल तोपर्यंत लागला नाही तरीही मी परत येईन, आणि २२व्या कलमाचा उल्लेख, एवढेच त्यात उरले. "तुम्ही बायकोला भेटायला जात आहात, हेच तुमचे सर्वांत भक्कम कारण आहे," असे त्या म्हणाल्या. येथल्या मुलाला जी गोष्ट अडचण वाटत होती तीच त्यांनी अर्जाच्या पहिल्या ओळीत घातली. मे २०२३ मध्ये कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाने जाहीर केले होते की, जोडीदाराचा स्पॉन्सरशिप अर्ज चालू असलेल्यांच्या व्हिजिटर व्हिसासाठी वेगळी प्रक्रिया ठेवली असून बहुतेक अर्ज ३० दिवसांत निकाली निघतील आणि मंजुरीचे प्रमाण ९० टक्के आहे. हेही मला त्यांच्याकडूनच कळले. ज्या कार्यालयाच्या भिंतीवर मेपलचे पान आहे, तेथे हे कोणाला ठाऊक नसावे याचे आश्चर्य वाटते.

आता भाषांतराविषयी. परत येण्याचे कारण दाखवण्यासाठी नोकरीबरोबर काटोल तालुक्यातील आमच्या संत्र्याच्या बागेचा सातबारा जोडायचे ठरले. त्यावर बाबांच्या नावासोबत माझेही नाव आहे. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मी १५ रुपये भरून काढला आणि इंग्रजी भाषांतर कार्यालयाने "पॅकेजमध्येच" करून दिले. ते वाचले आणि हसावे की रडावे ते कळेना. 'आकार' म्हणजे जमिनीचा महसूल, त्याचे झाले होते 'शेप'. 'पोटखराब' म्हणजे बांध, नाला, पायवाट असे लागवडीला न येणारे क्षेत्र. त्याचे भाषांतर 'अपसेट स्टमक' असे होते. आमच्या बागेतील काही गुंठ्यांचे पोट बिघडले असल्याचे कॅनडा सरकारला लेखी कळवले जाणार होते. बाबांना हे फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, "यंदाच्या पावसानं खरंच बिघडलं आहे, लिहू दे." विनोद सोडला तरी नियमाचा प्रश्न उरतोच: इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेल्या कागदाचे भाषांतर अर्जदाराने, त्याच्या नातेवाइकाने किंवा त्याच्या प्रतिनिधीने केलेले चालत नाही, आणि भाषांतरकार अधिकृत नसेल तर त्याचे शपथपत्र सोबत लागते. शेवटी बाहेरच्या एका निवृत्त मंडळ अधिकाऱ्याच्या ओळखीने जमिनीचे कागद समजणारा भाषांतरकार मिळाला आणि नोटरीसमोर शपथपत्र झाले. त्याचे १,२०० रुपये वेगळे गेले.

बँकेच्या खात्याबाबत दिलेला सल्लाही नोंदवला पाहिजे. माझ्या खात्यातील शिल्लक "थोडी हलकी" असल्याचे सांगून, तीन आठवड्यांसाठी आठ लाख रुपये "फिरवून" देण्याची तयारी कोणीतरी दर्शवली. व्याज अर्थातच वेगळे. मी नाही म्हटले. पगार दरमहा जमा होणाऱ्या खात्यात अचानक आठ लाख येऊन पडले तर ते कोठून आले, हा प्रश्न कोणालाही पडेल. माझी साधी शिल्लक, मुदत ठेवीची पावती आणि राहण्या-जेवणाचा खर्च पत्नी करणार असल्याचे तिचे पत्र, एवढ्यावर काम झाले. विम्याबाबतही तसेच. व्हिजिटर व्हिसासाठी प्रवास विमा सक्तीचा आहे असे मला सांगण्यात आले, ते खरे नाही. सक्ती आहे ती आईवडिलांसाठीच्या सुपर व्हिसाला. पण ओंटारिओची सरकारी आरोग्य योजना पर्यटकाचा खर्च उचलत नाही, म्हणून मी विमा घेतलाच, फक्त त्यांच्याकडून घेतला नाही.

तिकडे पोहोचल्यावर चालू अर्ज मागे घ्यावा आणि देशातूनच नवा अर्ज भरावा, म्हणजे तिथेच राहता येईल, अशीही सूचना एकदा झाली. ओंटारिओच्या बाईंनी ती तेथल्या तेथे खोडून काढली. देशाबाहेरून केलेला अर्ज नाकारला गेला तर स्पॉन्सरला अपील करता येते. देशांतर्गत वर्गात तो हक्क नाही, आणि निकालापूर्वी बाहेर पडावे लागले व परत प्रवेश मिळाला नाही तर अर्जच कोलमडतो. शिवाय परत येण्याचे लेखी आश्वासन देऊन निघायचे आणि मनात दुसराच बेत ठेवायचा, हे आम्हा दोघांनाही पटणारे नव्हते.

अर्ज डिसेंबर २०२४ मध्ये गेला, पाच आठवड्यांत पासपोर्ट मागवला गेला आणि व्हिसाचे लेबल लागून परत आला. मार्चच्या मध्याला दिल्लीमार्गे टोरंटोला उतरलो. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने कशासाठी आलात, किती दिवस राहणार, पत्नी काय करते, असे तीन प्रश्न विचारले. मी चालू अर्जाचा उल्लेख स्वतःहून केला आणि परतीचे तिकीट पुढे केले. त्याने मान हलवून शिक्का मारला. त्याला माझ्यापेक्षा पिशवीतल्या संत्रा बर्फीत जास्त रस होता, पण ती मी आधीच रीतसर जाहीर केलेली होती. गुढीपाडवा ३० मार्चला होता. कडुलिंब मिळाला नाही, तेव्हा बाल्कनीतल्या गुढीला नुसतीच साखरेची गाठी लागली, आणि तीही नागपूरहून नेलेली. ११ एप्रिलला मी परत निघालो. ठरलेल्या दिवशी कामावर रुजू झालो आणि बोर्डिंग पास जपून ठेवले.

या कार्यालयाला मी पाचपैकी तीन तारे देतो. दोन फाइल लावणाऱ्या माणसांना आणि एक ओंटारिओतील सल्लागार बाईंना. कोणी तेथे जाणार असेल तर पहिल्या भेटीचे पैसे भरण्याआधीच परवानाधारकाचे नाव विचारावे, त्याच्याशी थेट बोलणे होईल हे पावतीवर लिहून घ्यावे, आणि अर्ज पाठवण्यापूर्वी भरलेला प्रत्येक रकाना स्वतः वाचावा. एक हिशेब अजून बाकी आहे. शुल्क भरताना त्यांनी माझ्याकडून व्हिसाच्या १०० डॉलरबरोबर बायोमेट्रिकचे ८५ डॉलरही घेतले होते. ज्याचा कायम वास्तव्याचा अर्ज चालू आहे आणि त्यासाठी ज्याने बोटांचे ठसे आधीच दिले आहेत, त्याला व्हिजिटर व्हिसासाठी ते पुन्हा द्यावे लागत नाहीत. माझ्याकडून ठसे मागितले गेले नाहीत आणि ते शुल्क पुढे भरलेही गेले नाही. परत आल्यापासून तीन वेळा फोन केला. तिसऱ्या वेळी स्वागतकक्षातील ताईंनी "सर, अकाउंटवाले सुटीवर आहेत," असे सांगितले आणि त्याच दमात, तुमचे काम झाले आहे तर आमच्याबद्दल चार चांगल्या ओळी लिहाल का, असे विचारले.