खोल झिरी कशाने भरावी: सिमेंटचा माल, जिप्सम की तयार मॉर्टर?

वायरिंगसाठी किंवा नळासाठी भिंतीत कोरलेली झिरी (खाच) दीड-दोन इंच खोल असेल, तर पुण्यातल्या साइटवर तीन पर्याय पुढे येतात: सिमेंट-वाळूचा माल, जिप्सम प्लास्टर आणि गोणीतून येणारा पॉलिमर मॉर्टर (फक्त पाणी घालून वापरायचा तयार माल). पुट्टी हा चौथा पर्याय नव्हे. ती एक-दोन मिमीच्या थरासाठी असते. खोल झिरीत दाबली की पाइपच्या रेषेत चीर ठरलेली.

सिमेंटचा माल सगळ्यांत स्वस्त आणि ओल्या भिंतीत चालणारा. पण घाई त्याला सोसत नाही. 50 मिमी एका दमात भरला तर तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो, वाळताना आकसतो आणि दोन्ही कडांना केसासारख्या भेगा सुटतात. ‘सिमेंट जास्त, काम पक्कं’ हे इथे उलटं पडतं, कारण सिमेंट वाढलं की आकुंचनही वाढतं. विटेच्या भिंतीला 1:4 (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) पुरे, एएसी ब्लॉकला (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांना) 1:5 किंवा 1:6. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) प्लास्टरचीच घ्या आणि चाळून घ्या. भुकटी जास्त असली की माल पाणी जास्त मागतो आणि तितकाच फाटतो.

10 मीटर लांब, 50 बाय 50 मिमीच्या झिरीत 25 मिमीच्या पाइपची जागा वगळून साधारण 20 लिटर माल बसतो. म्हणजे पाच लिटरच्या डब्याने एक डबा सिमेंट, चार डबे वाळू. सगळं एकदम कालवू नका, अर्ध्या तासात संपेल तेवढंच.

भरण्याआधी पाइप दर दोन फुटांवर पक्का बांधा (हलणारा पाइप कुठलाही माल फोडतो) आणि नळाची लाइन असेल तर प्रेशर टेस्ट उरकून घ्या. धूळ ब्रशने झाडा, झिरी भिजवा, पण पाणी साचू देऊ नका. कटरने गुळगुळीत झालेल्या कडांना छिन्नीने टाचे मारा. पहिला थर पाइपच्या मागे दाबून पाइपच्या बाहेरच्या बाजूपर्यंत, वर थापीने ओरखडे. दुसऱ्या दिवशी दुसरा थर, 12-15 मिमीपेक्षा जाड नको, वर पुट्टीसाठी दोन मिमी राखून. पाइपवर निदान 10 मिमी माल हवाच. झिरी त्याहून खोल असेल तर आत भिजवलेले विटांचे तुकडे ठोका, माल कमी लागतो आणि आकसतोही कमी. शेवटच्या थरात फायबर जाळीची पट्टी बसवा. मग सात दिवस पाणी. एप्रिल-मे महिन्यांत दिवसातून तीनदा मारलं तरी कमीच, वर ओलं गोणपाट लावा.

जिप्समला हे सोपस्कार नाहीत. ते जवळपास आकसत नाही, अर्ध्या तासात धरतं, क्युरिंग (पाणी मारणं) लागत नाही. वर सांगितलेल्या 10 मीटर झिरीला 25 किलोची एक गोणी पुरते. पण बाथरूम, सिंकमागची भिंत आणि पावसात ओल येणारी बाहेरची भिंत इथे ते मऊ पडतं, वायरिंगचे लोखंडी बॉक्सही गंजवतं. घट्ट होऊ लागलेल्या जिप्सममध्ये पुन्हा पाणी घालून सैल करणं म्हणजे ते वाया घालवणंच. घाईत त्यात सिमेंट मिसळणारेही भेटतात. ओल लागली की ते मिश्रण फुगून सुटतं.

पॉलिमर मॉर्टर महाग, पण एएसीवर चिकटतो आणि आकसतो कमी. पाणी आणि थराची जाडी गोणीवर छापलेली असते, तीच पाळा. थोड्याच मीटरची झिरी बाथरूममध्ये असेल तर थोडे पैसे वाचवण्यासाठी सिमेंटशी झगडू नये. घरभर झिरी असेल आणि आठवडा हाताशी असेल, तर सिमेंट. कोरड्या बेडरूमचा रंग चार दिवसांवर असेल, तर जिप्सम.

दोन ठिकाणी मात्र हा प्रश्नच बाद. मायवान शटरिंगच्या (ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या) नव्या टॉवरमध्ये भिंत काँक्रीटची असते, तिथे झिरी मारायचीच नाही, सळई उघडी पडते. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या माती-चुन्याच्या भिंतींवर कडक सिमेंट पट्टीसारखं सुटून येतं. दोन्हीकडे पाइप बाहेरून क्लॅम्पवर न्या.

रंग लावण्याआधी झिरीवर बोटाच्या पेराने टकटक करा. पोकळ आवाज आला तर तेवढा भाग फोडून पुन्हा भरा.