डब्ल्यूएसइम्पोर्टची पारख: कस्टम एक्सेप्शनच्या कसोटीवर

जावामध्ये सोप (एक्सएमएल संदेशांवर चालणाऱ्या वेब) सेवेचा क्लायंट, म्हणजे ती सेवा वापरणारा प्रोग्राम, बनवायचा म्हटले की बहुतेकांचा हात अजूनही आधी डब्ल्यूएसइम्पोर्टकडेच जातो. सेवेची डब्ल्यूएसडीएल फाइल, म्हणजे सेवेचे एक्सएमएलमधील वर्णन, दिली की हे साधन पोर्टचा इंटरफेस आणि एक्सएमएलशी जोडलेले क्लास तयार करून देते, आणि तेवढ्या कामाबद्दल कोणाची फारशी तक्रार नसते. क्लायंटचा कस लागतो तो समोरून उत्तराऐवजी चूक परत येते तेव्हा. म्हणून सर्व्हरने मुद्दाम फेकलेले कस्टम एक्सेप्शन (चूक कळवणारा, सेवेने स्वतः बनवलेला प्रकार) हे साधन आपल्यापर्यंत कसे पोहोचवते, एवढ्याच बाबतीत मी ते येथे तपासले आहे.

जमेची बाजू मोठी आहे. डब्ल्यूएसडीएलमध्ये एखाद्या ऑपरेशनखाली जो फॉल्ट (उत्तराऐवजी परत येणारी चूक) जाहीर केलेला असतो, त्याच्यासाठी वेबफॉल्ट अ‍ॅनोटेशन असलेले चेक्ड एक्सेप्शन तयार होते आणि त्यातील गेटफॉल्टइन्फो ही मेथड तपशिलाचा बीन (माहितीची फील्ड ठेवणारा साधा ऑब्जेक्ट) थेट हातात देते. उदाहरणार्थ, बँकेच्या सेवेत खात्यात पैसे अपुरे असतील, तर उपलब्ध शिल्लक संदेशाच्या मजकुरातून उपसून काढावी लागत नाही, आणि एक्सेप्शन चेक्ड असल्यामुळे ही शक्यता हाताळल्याशिवाय कंपाइलर पुढे जाऊ देत नाही.

नावांच्या बाबतीत मात्र गोंधळ आहे. समजा, सर्व्हरवर ‘इन्सफिशियंटफंड्सएक्सेप्शन’ हा जावा क्लास आहे आणि डब्ल्यूएसडीएल त्याच्यावरूनच तयार झाली आहे. क्लायंटकडे याच नावाचा क्लास येतो खरा, पण तो केवळ माहितीचा बीन असतो. तो थ्रोएबल (फेकता येण्याजोगा) नसल्यामुळे कॅचमध्ये, म्हणजे एक्सेप्शन पकडणाऱ्या भागात, लिहिताच कंपाइलर अडवतो. फेकले जाणारे एक्सेप्शन शेवटी अंडरस्कोर आणि पुन्हा एकदा ‘एक्सेप्शन’ असे शेपूट लावलेल्या दुसऱ्याच क्लासचे असते. बाइंडिंग फाइल (नावे कशी द्यावीत ते साधनाला सांगणारी) लिहून हे नाव बदलता येते, पण नवख्या माणसाला ती वाट कोण सांगणार?

दुसरी उणीव लॉगमध्ये दिसते. या एक्सेप्शनचा गेटमेसेज म्हणजे फॉल्टस्ट्रिंग या फॉल्टच्या संदेश-घटकातला मजकूर, जो अनेक सेवांमध्ये ‘इंटर्नल एरर’ असा गुळमुळीत असतो. कामाची सगळी माहिती फॉल्टच्या डिटेल या घटकात, म्हणजेच बीनमध्ये असते. त्या बीनला साधनाने टूस्ट्रिंग (ऑब्जेक्टचा मजकूर देणारी मेथड) दिलेले नसल्यामुळे तो लॉगमध्ये तसाच छापला, तर क्लासचे नाव आणि हॅशकोड यांपलीकडे काहीही उमटत नाही. प्रत्येक फील्ड आपणच वाचून लिहावे लागते.

मला सर्वांत जास्त खटकली ती समान पूर्वजाची अनुपस्थिती. तयार होणारे प्रत्येक एक्सेप्शन थेट जावाच्या मूळ एक्सेप्शन क्लासवरून निघते. एका ऑपरेशनला पाच फॉल्ट असतील तर पाच कॅच लिहावे लागतात, आणि जावा ७ पासून मिळालेल्या मल्टी-कॅचने (एकाच कॅचमध्ये अनेक प्रकार) ते एकत्र केले तरी त्या व्हेरिएबलवर गेटफॉल्टइन्फो बोलावता येत नाही, कारण त्या सर्वांचा समान प्रकार केवळ ‘एक्सेप्शन’ एवढाच उरतो. शेवटी कंटाळून कोणीतरी सरसकट एक्सेप्शन पकडतो आणि चेक्ड एक्सेप्शनचा सगळा लाभ पाण्यात जातो.

जाहीर न केलेल्या फॉल्टसाठी सोपफॉल्टएक्सेप्शन हे रनटाइम एक्सेप्शन (जे हाताळण्याची कंपाइलर सक्ती करत नाही) येते, हे योग्यच आहे. पण जाहीर केलेला फॉल्टही याच मार्गाने येऊ शकतो, आणि ते कळायला वेळ लागतो: डिटेलमधील मूलघटकाचे नाव किंवा नेमस्पेस (ते नाव कोणत्या गटातले हे सांगणारा पत्ता) डब्ल्यूएसडीएलशी तंतोतंत जुळले नाही, किंवा डिटेलमध्ये एकाऐवजी दोन घटक आले, की आपले कस्टम एक्सेप्शन तयारच होत नाही. एका ग्राहकाच्या सेवेत नेमस्पेसच्या शेवटी एक तिरकी रेघ जास्त होती आणि आमचा कॅच एकदाही चालत नव्हता. दोष साधनाचा नव्हता. तरी ‘हा फॉल्ट ओळखता आला नाही’ अशी एखादी सूचना त्याने लॉगमध्ये द्यायला हवी होती. टाइमआउट आणि तुटलेले कनेक्शन वेबसर्व्हिसएक्सेप्शनच्या पोटात गुंडाळून येतात, त्यामुळे त्यांचे कारण गेटकॉजमधून शोधावे लागते. सोपफॉल्टएक्सेप्शन हाही त्याचाच उपप्रकार असल्याने तो आधी पकडावा.

जावा ११ मध्ये, म्हणजे २०१८ साली, हे साधन जेडीकेमधून (जावाच्या विकास-संचातून) काढून टाकले गेले. आता ते मेट्रो या जावाच्या वेब सेवा प्रकल्पातून वेगळे आणावे लागते, आणि ३.० या आवृत्तीपासून पॅकेजांच्या नावांत जावाएक्सच्या जागी जकार्ता आले आहे. मेव्हन (लायब्ररी आणून देणारे बिल्ड साधन) वापरणाऱ्याला हा बदल जड जाऊ नये.

फॉल्ट एक-दोनच असतील तर मी आजही डब्ल्यूएसइम्पोर्टच घेईन. त्यांची संख्या वाढली की अपाची सीएक्सएफ या दुसऱ्या वेब सेवा चौकटीचे डब्ल्यूएसडीएल-टू-जावा हे साधन उजवे ठरते. जाहीर न केलेल्या फॉल्टबाबत तेही सोपफॉल्टएक्सेप्शनच देते, परंतु त्याच्या ‘एक्सेप्शनसुपर’ या पर्यायाने सर्व एक्सेप्शनना आपल्या पसंतीचा पालक क्लास देता येतो. त्या पालकात रिकामा, संदेश घेणारा आणि संदेशासोबत कारण घेणारा असे तीन कन्स्ट्रक्टर ठेवावेत, आणि ऑब्जेक्ट परत करणारी अ‍ॅबस्ट्रॅक्ट गेटफॉल्टइन्फो जाहीर करावी. म्हणजे पाचही फॉल्ट एकाच कॅचमध्ये त्यांच्या बीनसह हाती येतात.