पातं हलतंय: स्क्रू आवळावा की वॉशर बदलावा?
घडीचा चाकू पुन्हा जोडल्यावर पातं डावी-उजवीकडे डुलत असेल, तर आधी पिव्हट स्क्रूच (ज्यावर पातं फिरतं तो) बघा. एका वेळी फेऱ्याचा आठवा हिस्सा आवळायचा, मग उघडून-मिटून पाहायचं. स्क्रू पुन्हा सैल होत असेल तर आटे पुसून निळ्या लॉकटाइट २४३चा (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) अगदी बारीक थेंब लावा आणि २४ तास थांबा. थेंब मोठा पडला की पात्याच्या दोन्ही बाजूंच्या वॉशरपर्यंत (पातळ चकत्यांपर्यंत) ओघळतो आणि पातंच जाम होतं.

आवळलं की पातं जड, सैल केलं की लगेच हलतं? मग वॉशर उघडून बघाच. बहुतेकदा ब्राँझची चकती जोडताना दुमडलेली असते. बदलताना दोन्ही बाजूंना सारखीच जाडी ठेवा.

खेळ वर-खाली असेल तर लॉक (उघडं पातं जागेवर धरणारा भाग) तपासा.