अ‍ॅन्झॅक बिस्किटांचा डबा, इंदूर: बिस्किटाला चार स्टार, आतल्या कार्डाला एक

ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो, बिस्किटं झकास आहेत, बिनधास्त मागवा. डब्यात जे चकचकीत कार्ड येतं त्याच्यावर मात्र विश्वास ठेवू नका, आणि ते का ते खाली सांगतो, जरा लांबेल.

लोकमान्य नगरच्या बाजूला एक ताई घरूनच बेकिंग करतात, नाव मुद्दाम टाकत नाही कारण पुढे थोडं वाजवणार आहे. दरवर्षी २५ एप्रिलच्या आसपास (अ‍ॅन्झॅक डे, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैनिकांचा स्मृतिदिन) त्या 'अ‍ॅन्झॅक स्पेशल' काढतात, पाव किलोचा डबा ३२० रुपये, डिलिव्हरी आपली आपण. इंदूरमध्ये ३२० रुपयांत किती नमकीन येतं हा हिशोब घरी ऐकावा लागतोच, तो ऐकायची तयारी ठेवा.

तर बिस्किट. ओट्स, मैदा, सुकं खोबरं, साखर, लोणी आणि गोल्डन सिरप (साखरेचा घट्ट सोनेरी पाक), अंडं अजिबात नाही, त्यामुळे आमच्या घरी आजीपासून सगळ्यांना चालतं. लोणी आणि सिरप गरम करून त्यात उकळत्या पाण्यात विरघळवलेला सोडा टाकतात, तो फसफसून वर येतो आणि तेच मग कोरड्या मालात ओततात. ताईंनी गोल्डन सिरपच्या जागी काकवी वापरलीये आणि हे मला प्रचंड आवडलं, रंग थोडा काळपट येतो पण चवीला एक खोली येते जी पाकात नाही. कडा कुरकुरीत, मध्ये जरा चिवट, नानखटाईसारखं भुसभुशीत अजिबात नाही, चहात बुडवलं तरी तुटून खाली जात नाही. तक्रार एकच, एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीतून आणताना सगळी एकमेकांना चिकटली, मध्ये बटर पेपर घातला असता तर काय बिघडलं असतं. आणि चॉकलेट चिप्सवालं जे व्हेरिएशन आहे ते घेऊच नका, ऑस्ट्रेलियात तर ते या नावाने विकताही येणार नाही. तिथे 'अ‍ॅन्झॅक' हा शब्द १९२१ पासून कायद्याने जपलेला आहे, बिस्किटाला सूट आहे ती मूळ रेसिपीच्या जवळ राहिलं तरच, आणि त्याला कुकी म्हणायचं नाही.

आता कार्ड. एका बाजूला फोटो, टोपी घातलेला सैनिक, बाजूला गाढव, गाढवावर जखमी माणूस. दुसऱ्या बाजूला लिहिलंय की हीच बिस्किटं खाऊन ऑस्ट्रेलियाचे शूर जवान गॅलिपोलीत लढले, त्यांच्या आया-बायका घरून पाठवायच्या. वाचायला छान वाटतं पण गडबड आहे.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, अ‍ॅन्झॅक म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या फौजेचं नाव. डार्डनेल्सची सामुद्रधुनी ताब्यात घ्यायची, इस्तंबूल गाठायचं, रशियाकडचा रस्ता मोकळा करायचा असा इंग्रजांचा बेत होता, त्यासाठी २५ एप्रिल १९१५ ला पहाटे ही पोरं तुर्कस्तानच्या गॅलिपोली द्वीपकल्पावर उतरवली. समोर सरळसोट कडे, वर तुर्की सैन्य, आणि किनाऱ्यालगतच्या त्या चिंचोळ्या पट्टीवर आठ महिने अडकून पडले. ऑस्ट्रेलियाचेच ८,००० च्या वर मेले, तेव्हा अख्ख्या देशाची लोकसंख्या ५० लाखांच्या आत होती. आणि सगळे स्वतःहून भरती झालेले, सक्तीची भरती करायची का यावर पुढे १९१६ आणि १९१७ मध्ये तिथे जनमत घेतलं आणि दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं.

आता ते तिथे खात काय होते? बिस्किटच खात होते, पण वेगळं. पीठ, पाणी, मीठ वगैरेचं लष्करी बिस्किट, इतकं कडक की त्याला लोक 'टाइल' म्हणायचे, फरशी! दात तुटायचे, कवळ्या मोडायच्या, आणि सुरुवातीला कवळ्या दुरुस्त करायची धड सोयही तिथे नव्हती. मग ते किसून पाण्यात शिजवून खीर-पेजेसारखं करायचं. काहींनी तर त्यावर मजकूर लिहून घरी पोस्टाने पाठवलं, कॅनबेराच्या वॉर मेमोरियलमध्ये अशी बिस्किटं अजून जपून ठेवलीयेत, शंभर वर्षं झाली तरी शाबूत, म्हणजे विचार करा. सोबत डबाबंद खारवलेलं गोमांस, जे उन्हाळ्यात उघडलं की नुसतं तेलकट पाणी ओघळायचं, आणि जॅम, ज्यावर माणसाच्या आधी माश्या बसायच्या. पाणी मोजून मिळायचं कारण ते जहाजांनी बाहेरून आणावं लागायचं. हगवणीने अर्धी फौज आडवी. जॅमचे रिकामे डबे मात्र कामाला आले, त्यात स्फोटकं आणि लोखंडाचे तुकडे कोंबून हातबॉम्ब बनवले, कारण धड हातबॉम्ब पुरेसे नव्हतेच.

ओट्सची बिस्किटं घरोघरी होत असतील, पार्सलातून गेलीही असतील, पण आज आपण खातो ती रेसिपी या नावाने छापलेली दिसते ती १९२० च्या आसपास, म्हणजे युद्ध संपल्यावर, आणि खोबरं तर त्याच्याही नंतर आलं. गॅलिपोलीतून अ‍ॅन्झॅकवाले निघाले डिसेंबर १९१५ मध्ये. (निघाले तेही काय डोकं लावून! रायफलीच्या चापाला डबा बांधला, वरच्या डब्यातून त्यात थेंब थेंब पाणी पडणार, वजन झालं की गोळी आपोआप सुटणार, तुर्कांना वाटावं खंदकात अजून माणसं आहेत. अख्खी फौज जवळजवळ नुकसान न होता निघून गेली.)

पण माझी खरी तक्रार फोटोबद्दल आहे. तो गाढववाला माणूस म्हणजे जॉन सिम्प्सन, पूर्ण नाव जॉन सिम्प्सन कर्कपॅट्रिक, स्ट्रेचर उचलणारा. रोज गाढवावर जखमींना बसवून दरीतून खाली किनाऱ्यावर आणायचा, १९ मे १९१५ ला गेला, म्हणजे उतरल्यापासून महिनाही नाही झाला. ऑस्ट्रेलियात शाळेतल्या पोरांना पाठ असतो तो. कार्डावर 'शूर सैनिक आणि त्याचं गाढव' एवढंच. अहो ताई, तो राहायचा कुठे ते तरी लिहा! तो स्वतःची तुकडी सोडून हिंदुस्थानी लोकांच्या, म्हणजे आपल्या माणसांच्या तळावर राहायचा, २१ व्या कोहाट माउंटन बॅटरीच्या (डोंगरी तोफखान्याची तुकडी) खेचरवाल्यांबरोबर, जेवायचाही त्यांच्यात, आणि ते त्याला 'बहादूर' म्हणायचे. इंदूरमध्ये विकलेल्या डब्यावर ही ओळ नाही म्हणजे कमाल आहे.

आणि ही काही कोपऱ्यातली गोष्ट नाही. २५ एप्रिलला सकाळी अ‍ॅन्झॅकवाले उतरले त्या किनाऱ्यावर पहिल्या तोफा उतरल्या त्या हिंदुस्थानी होत्या, २६ व्या जेकब्स माउंटन बॅटरीच्या. सुट्या करून खेचरांच्या पाठीवर लादायच्या, वर नेऊन जोडायच्या अशा छोट्या तोफा. खाली किनाऱ्यावरून दारूगोळा, पाणी, रेशन वर खंदकांपर्यंत नेलं ते बरंचसं हिंदुस्थानी खेचरांनी, तेही रात्री, कारण दिवसा तुर्की तोफा टिपायच्या. शिवाय द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला, हेल्सच्या बाजूला १४ वी सिख पलटण, गुरखे वगैरे, ४ जूनच्या एका दिवसात त्या सिख पलटणीचा मोठा भाग संपला. अलीकडच्या संशोधनात गॅलिपोलीतल्या हिंदी सैनिकांचा आकडा १६,००० च्या आसपास धरतात, आधी खूपच कमी धरायचे. आपल्या होळकर संस्थानाकडे पण इम्पीरियल सर्व्हिसची (संस्थानांनी इंग्रजांच्या मदतीला ठेवलेली फौज) ट्रान्सपोर्ट तुकडी होती, बाजूलाच महूची छावणी, तेव्हा खेचरं आणि गाड्या ओढणारी फौज हा विषय आपल्या गावाला परका नसायला पाहिजे.

जेवणाचंच बोलायचं तर आपल्या तळावर आटा, डाळ, तूप, गूळ यायचं, गरम चपात्या व्हायच्या, आणि त्या फरशीछाप बिस्किटाला कंटाळलेले ऑस्ट्रेलियन तिकडे चपात्यांच्या आशेने घुटमळायचे, बदल्यात स्वतःचं रेशन द्यायचे. म्हणून म्हणतो ताईंची काकवी मला पटली, त्यांनी बहुतेक सिरप महाग पडतं म्हणून घातली असेल, पण गोल्डन सिरपपेक्षा ती त्या तळाच्या जास्त जवळची आहे.

हे सगळं मी त्यांना फोनवर सांगितलं, त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "दादा, ते नेटवरून घेतलंय, ५०० कार्डं छापून झालीत आता." ठीक आहे, त्यांचं काम बेकिंगचं आहे, ते त्या उत्तम करतात. पण डब्याची निम्मी किंमत ही त्या गोष्टीची आहे ना, नुसतं ओट्सचं बिस्किट असतं तर ३२० कोणी दिले असते.

ऑर्डर दोन दिवस आधी द्या, साधं घ्या, बटर पेपर मागून घ्या, सकाळी लवकर जाऊन आणा. ताई, हे वाचत असाल तर पुढच्या खेपेच्या कार्डाचा मजकूर मी लिहून देतो, पैसे नकोत, दोन डबे द्या. चॉकलेटवाले नकोत.