दुनळी ठासणी: जुनी घ्यावी की नव्याने घडवलेली?

सावंतवाडीकडे आमच्या घरी आजोबांची एकनळी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि तेवढे दिवस रानडुकरांची चैन. त्यांना कसली आचारसंहिता! पुढे नोकरीने ओहायोत आणून टाकलं आणि शेजारच्या इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी गेलो तेव्हा हा नाद पुन्हा लागला. 1933 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय ठासणी संघटनेचं मैदान तिथेच आहे, जून आणि सप्टेंबरमध्ये नेमबाजीचे मेळे भरतात.

एका नळीला आतून आटे (पेचदार खाचा) आणि दुसरी सपाट, म्हणजे एकाच दस्त्यावर गोळीही आणि छर्राही, अशी जोडबंदूक घ्यायची तर जुनी घ्यावी की नव्याने घडवलेली, असं मला हल्ली बरेच जण विचारतात. माझ्याकडे दोन्ही आहेत: 19व्या शतकातली न्यूयॉर्क राज्यातली एक, आणि एका निवृत्त गृहस्थांनी तळघरातल्या कारखान्यात स्वतः घडवलेली एक. दोन्ही केपच्या (घोडा आदळला की ठिणगी पाडणारी छोटी टोपी म्हणजे केप), दोन्हींच्या नळ्या शेजारी-शेजारी. एकच चाप-घोडा आणि फिरवून वर आणायच्या नळ्या, अशाही असतात, पण त्यांची खिटी झिजली की नळ्या हलायला लागतात. त्यात मी पडलो नाही.

कायद्याचं आधी उरकतो. अमेरिकेच्या 1968च्या केंद्रीय कायद्यात 1898 किंवा त्याआधीची बंदूक आणि काडतूस न चालणारी ठासणीची नवी प्रतिकृती, दोन्ही ‘अँटिक’मध्येच मोडतात. राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे, तेव्हा आपल्या राज्याचं विचारून घ्या. आणि यातली कुठलीही गावी न्यायचा विचार मनात आणू नका. भारतात 1959चा शस्त्र कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी घडवलेल्या हत्याराला तिकडे ‘छंद’ म्हणत नाहीत.

हातात घेतल्यावर जुनीचाच विजय होतो, हे कबूल करायला हवं. माझी जुनी बंदूक खांद्याला लावली की माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) आपोआप डोळ्यासमोर येते. अक्रोडाचा दस्ता मनगटापाशी इतका बारीक की हा माणूस लाकूडकाम शिकला कुठे, असं वाटावं. त्या भागातले बरेच कारागीर नळ्या स्वतः करत नसत. तिथल्याच इलियन गावच्या रेमिंग्टन कारखान्यातून नळ्या मागवायच्या आणि बाकीचं सगळं आपल्या हाताने बसवायचं, अशी रीत होती. घडवलेली त्या मानाने ठोंबी. वजन साडेचार किलोच्या आसपास, सगळं पुढे झुकलेलं. दुपारपर्यंत डावा हात बोलायला लागतो.

नेमाच्या बाबतीत मी फार काही सांगणार नाही. पन्नास यार्डांवर दोन्ही माझ्यापेक्षा चांगल्या आहेत.

माझा निर्णय झाला तो धुण्यावरून. काळी दारू जळली की निम्म्याहून जास्त भाग काजळी आणि क्षार होऊन नळीत उरतो आणि तो हवेतलं पाणी ओढतो. त्याच दिवशी गरम पाण्याने धुतल्याशिवाय गत्यंतर नाही. एकनळीला यात काही अडचण नाही. दुनळीत मात्र दोन नळ्यांच्या मध्ये वर-खाली पट्टी असते, कथलाच्या डाखाने बसवलेली. दीडशे वर्षांत त्या डाखाला कुठेतरी टाचणीएवढं भोक पडलेलं असतं. पाणी आत जातं, पण बाहेर यायचं नाव घेत नाही.

पहिल्या खेपेला मी जुनी धुतली, पुसली, तेल लावलं, चुलीजवळ ठेवली आणि झोपलो. तिसऱ्या दिवशी पट्टीखालून तांबूस ओघळ. पुसला, पुन्हा आला. हेअर ड्रायर झाला, पाणी हाकलणारं तेल झालं, दोन दिवस उन्हात उलटी टांगून झाली. दर वेळी आठवड्याच्या आत तोच तांबडा अश्रू. नळी आतून आरशासारखी दिसते, पण पट्टीखाली दोन्ही नळ्यांची बाहेरची भिंत किती खाल्ली गेली आहे ते कळायला मार्ग नाही. पट्टी काढून पाहावी, तर जुन्याचं जुनेपण गेलं आणि किंमतही गेली. म्हणजे दर रविवारी बार उडवायचा आणि पुढचे सहा दिवस धास्ती बाळगायची.

घडवलेलीलाही पट्टी आहेच. पण ती बसवणारा माणूस जिवंत आहे. डाख कुठे संपतो हे तो फोनवर सांगतो आणि शंका आली तर पट्टी काढून पुन्हा बसवून देतो. मला वाटतं, माझा कौल इथेच झुकला. कुणी म्हणेल, मी जरा जास्तच घाबरतो. असेलही.

घडवलेलीत धोके नाहीत असं नाही. बर्मिंगहॅमला 1813 पासून नळ्या तपासून शिक्का मारणारं प्रूफ हाऊस आहे. अमेरिकेत तशी सरकारी सक्ती नाही, त्यामुळे सगळी भिस्त घडवणाऱ्यावर. नळ्या नावाजलेल्या नळीकाराकडून विकत घेतलेल्या आहेत का, एवढं आधी विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर चहा पिऊन घरी या. शिवाय विकायला काढलीत तर अनोळखी हातच्या बंदुकीला सुट्या भागांएवढेही पैसे येत नाहीत. जुनीचं तसं नाही, तिला गिऱ्हाईक कायम असतं.

एक गोष्ट दोन्हींना लागू. एका नळीचा बार उडवला की धक्क्याने दुसरीतली गोळी पुढे सरकू शकते. म्हणून माझ्या ठासायच्या गजावर दोन खुणा आहेत, एक गोळीच्या नळीची, एक छर्‍याची. पुन्हा ठासण्याआधी दुसऱ्या नळीच्या निपलवरची (केप बसते त्या बोंडावरची) केप काढायची आणि गज घालून खूण पाहायची. खूण तोंडाच्या वर दिसली तर त्या दिवशी गप्पा बंद, आधी बंदूक.

एवढं सांगूनही फ्रेंडशिपला एखादी जुनी तुमच्या डोळ्यांत भरेलच. तर विक्रेत्याची परवानगी घेऊन नळ्या दस्त्यापासून सोडवून घ्या, रिकाम्या असल्याची खात्री करा, नळ्यांच्या मागच्या टोकाच्या हुकाला दोरी बांधून टांगा आणि बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारा. डाख शाबूत असेल तर देवळातल्या लहान घंटेसारखा नाद लांबतो. पट्टी सुटलेली असेल तर नुसतं खरखरतं. माझी मी घेतली तेव्हा ही युक्ती मला कुणी सांगितली नव्हती.