जुनी वस्त्रं: कायम मांडावीत की आलटून-पालटून?

प्रादेशिक संग्रह सांभाळणाऱ्या अभिरक्षकापुढे (संग्रहालयाच्या क्युरेटरपुढे) हे दोन मार्ग असतात. कायमच्या मांडणीचं मोठं सुख म्हणजे, ज्या समाजाकडून वस्त्र आलं त्यातलं कुणीही कधीही आलं तरी ते समोर दिसतं. नातवंडांना बोट दाखवून सांगता येतं, ‘हे आपलं!’ कामही कमी.

पण प्रकाश कुणाची भीड ठेवत नाही. उडालेला रंग परत येत नाही आणि झीज साठत जाते, म्हणून वस्त्रांसाठी साधारण ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) मर्यादा पाळतात. तेवढ्या मंद उजेडातही वर्षानुवर्षं टांगलेल्या कापडाची दुमड उलगडून पाहा: आत गडद, बाहेर फिकट. शिवाय स्वतःच्याच वजनाने धागे ताणले जातात, ते वेगळंच.

आलटून-पालटून मांडलं, तर काही महिन्यांनी वस्त्र उतरवून, आम्लरहित कागद घालून नळीवर गुंडाळून अंधारात ठेवता येतं. यात हाताळणी वाढते, माणसं जास्त लागतात, लांबून आलेला पाहुणा कधी हिरमुसतो. तरी मी हाच मार्ग धरेन. आधी कळवून येणाऱ्यांना भांडारातलं वस्त्र आवर्जून काढून दाखवावं. दगडाच्या वस्तूंना उजेडाचं भय नाही. त्या खुशाल कायम ठेवाव्यात.